स्प्रिंग बदलली, जबाबदारी कुणाची?

अमेरिकेत शिकारीसाठी किंवा लक्ष्यवेधासाठी नवी रायफल घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: ट्रिगर फार जड आहे. चाप ओढता ओढता बोट थकते, नळी हलते, नेम ढळतो. या तक्रारीवर तिथल्या बाजारात एक स्वस्त उपाय मिळतो. मूळ स्प्रिंग काढून तिच्या जागी बसवायची कमी ताणाची स्प्रिंग थोड्या डॉलरांत घरपोच येते, आणि ती बसवायला कुठला परवाना लागत नाही की कुणाची तपासणी होत नाही. सहा-सात पौंडांचा ट्रिगर संध्याकाळपर्यंत तीन पौंडांवर, कधी त्याहूनही खाली येतो. हजारो लोक हे करतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातून काही विपरीत घडत नाही. तरीही ही गोष्ट मालकाच्या आवडीनिवडीवर सोडण्यासारखी नाही, असे माझे ठाम मत आहे. ट्रिगरचे वजन हा एकट्या स्प्रिंगचा गुण नसतो. ते यंत्राच्या सगळ्या भागांनी मिळून ठरवलेले असते, आणि त्यातला एक भाग घरच्या घरी बदलला की उरलेल्या भागांवर कोणता भार आला, हे मोजायची सोय त्या घरात नसते.

आत काय घडते ते पाहू. रायफल भरून बोल्ट बंद केला की फायरिंग पिन किंवा हॅमर एका ताकदवान स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावण्याच्या तयारीत असतो. त्याला रोखून धरतो तो सिअर नावाचा पोलादी तुकडा, दाराला आतून लावलेल्या अडसरासारखा. ट्रिगर ओढणे म्हणजे हा अडसर सरकवणे. तो सरकवायला किती जोर लागेल हे अनेक गोष्टींवर ठरते: सिअरची कडा समोरच्या खाचेत किती खोल बसली आहे, दोन्ही पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत, ते कोणत्या कोनात एकमेकांना भिडतात, मुख्य स्प्रिंग त्यांना किती दाबून धरते, आणि सर्वांत शेवटी, ट्रिगरला परत जागेवर ढकलणारी लहानशी स्प्रिंग किती ताठ आहे. बाजारातले बहुतेक संच ही शेवटची स्प्रिंग बदलतात, काही मुख्य स्प्रिंगही बदलतात. म्हणजे ज्या खरखरीत कडांमुळे ट्रिगर अडखळतो, त्या जशा होत्या तशाच राहतात. बदलतो तो फक्त जागेवर परतायला लावणारा जोर. लहान स्प्रिंगचे खरे काम बोटाला त्रास देणे हे नाही. प्रत्येक झटक्यानंतर, प्रत्येक गोळीनंतर, थंडीत तेल घट्ट झालेले असताना, आत धुळीचा कण अडकलेला असताना सिअर पूर्णपणे आपल्या खाचेत परत बसवणे, हे तिचे काम. ती कमकुवत केली की सिअर अर्धवट बसण्याची शक्यता वाढते. अर्धवट बसलेला सिअर वरून पाहून ओळखता येत नाही. रायफल जमिनीवर आपटली की मगच तो कळतो. मुख्य स्प्रिंग हलकी केली तर अडचण उलट दिशेने येते. पिनचा फटका मंद पडतो, प्रायमर कधी पेटतो तर कधी नाही, आणि न उडालेली गोळी आत असलेली रायफल हातात घेऊन माणूस विचार करत उभा राहतो. अर्धस्वयंचलित रायफलीत तर एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन गोळ्या सुटण्याचाही धोका असतो.

हे सारे कल्पनेतले धोके आहेत असे कुणी म्हणेल, तर त्याने रेमिंग्टन कंपनीच्या ट्रिगरचा इतिहास पाहावा. माइक वॉकर या अभियंत्याने बनवलेला ट्रिगर 1948 मध्ये मॉडेल 721 या रायफलीत आला आणि 1962 पासून मॉडेल 700 मध्ये. ही पुढे अमेरिकेतली सर्वांत जास्त खपणाऱ्या रायफलींपैकी एक ठरली. या ट्रिगरमध्ये सिअर आणि ट्रिगर यांच्यामध्ये 'कनेक्टर' नावाची एक वेगळी, सुटी पट्टी होती. तिच्यामुळे ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटे आणि नेमबाज त्याची तारीफ करत. पण दर गोळीनंतर ही पट्टी किंचित पुढे जाई, आणि तिला मागे आणण्याचे काम एका लहान स्प्रिंगचे होते. मध्ये कचरा अडकला, ओल आली, तेल साकळले की पट्टी जागेवर येत नसे आणि सिअरला आधार उरत नसे. मग सेफ्टी काढताच, ट्रिगरला बोटही न लावता गोळी सुटे. हा दोष आहे असे कंपनीने शेवटपर्यंत मान्य केले नाही. पण 1948 मध्येच वॉकर यांनी स्वतः ट्रिगर अडवून धरणाऱ्या सेफ्टीची सूचना केली होती आणि तिचा खर्च दर रायफलीमागे साडेपाच सेंट होता, ही गोष्ट नंतर कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतून बाहेर आली. 1994 मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने अशाच एका प्रकरणात कंपनीला 1 कोटी 70 लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. पुढे सुमारे 75 लाख रायफलींना लागू होणारी तडजोड झाली आणि 2017 मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली. त्याआधी, 2014 मध्ये, नव्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवाव्या लागल्या, कारण जोडणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाला होता.

या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की कारखान्यात, अभियंत्यांच्या देखरेखीखाली, लाखोंच्या संख्येने बनलेल्या ट्रिगरमध्येही एका लहान स्प्रिंगच्या जोरावर आणि एका पट्टीच्या जागेवर माणसाचा जीव अवलंबून राहू शकतो. तिथे जर चिकट पदार्थाचा एक थेंब पुरेसा ठरतो, तर घरच्या टेबलावर बसवलेल्या, कोणत्याही चाचणीतून न गेलेल्या स्प्रिंगविषयी आपण इतके निर्धास्त कसे राहायचे? दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अपघातानंतर कंपनीचा बचाव बहुतेक वेळा एकच असे: मालकाने ट्रिगरशी छेडछाड केली, साफसफाई नीट ठेवली नाही, चूक त्याचीच. काही प्रकरणांत तो खराही असेल. पण आपल्या हाताने स्प्रिंग बदलणारा मालक हा बचाव तयार करूनच कंपनीच्या हाती देतो. उद्या मूळ ट्रिगरमध्ये खरोखर दोष निघाला, तरी तो सिद्ध करण्याचा मार्ग त्याने बंद केलेला असतो. कंपनी हात झटकते, स्प्रिंग विकणारा म्हणतो मी फक्त सुटा भाग विकला, आणि जखमी माणूस किंवा त्याचे कुटुंब मध्येच अडकते.

तक्रार मुळातच खोटी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ती खरी आहे. साडेतीन किलोच्या रायफलीवर तीन किलो जोराने बोट दाबले तर रायफल हलणारच. त्याला सरावाचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. खटल्यांच्या धास्तीने अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षे मुद्दाम जड आणि खरखरीत ट्रिगर विकले. अमेरिकन नेमबाज त्यांना वकिलांचे ट्रिगर म्हणत. नेम ढळला तर शिकारीत जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडत पळते. म्हणून चांगला ट्रिगर ही चैन नव्हे, असे शिकारी म्हणतो तेव्हा त्याच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो 'चांगला' आणि 'हलका' यांना एकच मानण्याशी. अनुभवी नेमबाजाला विचारले तर तो सांगेल की नेमाला मारक ठरते ती ट्रिगरची फरपट: ओढताना मध्येच अडणे, कधी सुटेल याचा अंदाज न येणे, सुटल्यावर पुढे आणखी घसरत जाणे. दीड-दोन किलोचा पण काच तुटावी तसा स्वच्छ सुटणारा ट्रिगर हा पाऊण किलोच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा केव्हाही अचूक. आणि ही स्वच्छता कडांच्या घडणीतून येते, नुसती स्प्रिंग बदलून येत नाही.

ती कारखान्यात आणता येते हे सॅव्हेज कंपनीने सिद्ध केले. या शतकाच्या सुरुवातीला तिने 'अ‍ॅक्युट्रिगर' बाजारात आणला. त्याचे वजन मालकाला ठरलेल्या मर्यादेत, सुमारे दीड पौंडापर्यंत, कमी करता येते. पण ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पाते असते. ते बोटाने दाबले गेले नसेल आणि रायफल आपटून सिअर निसटलाच, तर ते पाते त्याला अडवते आणि गोळी सुटत नाही. म्हणजे वजन कमी केले तेव्हा दुसरा अडसर वाढवला. वजन कमी करण्याची हीच प्रामाणिक रीत आहे असे मला वाटते. त्यानंतर मार्लिन, रुगर अशा कंपन्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. ज्या रायफलीचा ट्रिगर नकोसा वाटतो तिच्यासाठी पूर्ण ट्रिगर-संच बनवणाऱ्या जुन्या, नावाजलेल्या कंपन्याही आहेत. त्यांचे सिअर, कडा, स्प्रिंग हे सारे एकमेकांसाठी घडवलेले असते आणि एकत्र तपासलेले असते. हा संच महाग पडतो, हे खरे. सुटी स्प्रिंग स्वस्त पडते, कारण तिच्या किमतीत चाचणीचा खर्च धरलेलाच नसतो.

इथे खेळातला नेमबाज पुढे येईल आणि विचारेल की आमचे ट्रिगर तर त्याहून हलके असतात, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि मराठी वाचकाला तो जवळचाही आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्य मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद पटकावले. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत 10 मीटर आणि 50 मीटर रायफलीच्या ट्रिगरला किमान वजनाची अटच नाही. नेमबाजाला नुसत्या स्पर्शाने सुटणारा ट्रिगर चालतो. पण त्याच नियमपुस्तकात 10 मीटर एअर पिस्तुलासाठी किमान 500 ग्रॅम, 25 मीटर पिस्तुलासाठी 1000 ग्रॅम आणि 300 मीटर स्टँडर्ड रायफलीसाठी 1500 ग्रॅम अशा मर्यादा आहेत, आणि पंच वजन टांगून ते मोजतात. शस्त्र, अंतर आणि प्रकार बदलला की मान्य वजन बदलते. खेळाडूने ठरवले म्हणून नव्हे, नियमाने ठरवले म्हणून. अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांतही किमान साडेचार पौंडांची अट आहे, कारण तो प्रकार सैनिकी शस्त्राचा आहे आणि ट्रिगर तसाच राहावा असा आग्रह आहे.

शिवाय खेळातल्या हलक्या ट्रिगरभोवती दुसरी तटबंदी असते. रेंजवर नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने. गोळी भरायची ती आज्ञा झाल्यावरच. शस्त्र खाली ठेवले की चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग. नेमबाजांच्या पुढे कुणीही जायचे नाही. अन्शुट्झ किंवा फाइनवेर्कबाऊ यांच्या रायफलीचा ट्रिगर मुळातच हलका राहण्यासाठी घडवलेला असतो, आणि ती रायफल कधी जीपच्या मागे ठेवून खडकाळ रस्त्याने नेली जात नाही, झाडावर चढताना खांद्याला लटकवली जात नाही, हातमोजे घातलेल्या बोटाने ओढली जात नाही. शिकारीच्या रायफलीच्या वाट्याला हे सारे येते. ज्या वजनाला पुण्याच्या बालेवाडीच्या रेंजवर शिस्तीचे कुंपण आहे, तेच वजन मोंटानाच्या बर्फात नेले की कुंपण मागे राहते.

युरोपातल्या शिकाऱ्यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवायचा प्रयत्न केला होता. जर्मन आणि ऑस्ट्रियन रायफलींत 'श्टेखर' नावाची व्यवस्था असे. एरवी ट्रिगर जड, पण नेम धरल्यावर शिकारी एक जास्तीची कृती करून त्याला 'लावतो', आणि मग तो केसासारखा हलका होतो. हलकेपणा फक्त त्या क्षणापुरता. विचार चांगला होता. तरीही गोळी न झाडता श्टेखर उतरवायला विसरणे, हा धोका त्यात कायम राहिला. म्हणूनच तिथल्या शिकारी-परीक्षेत त्याची हाताळणी शिकवावी लागते, आणि आता अनेक कारखाने त्याऐवजी स्वच्छ, साधा ट्रिगर देणे पसंत करतात. इतक्या जुन्या, इतक्या शिस्तबद्ध परंपरेलाही हलका ट्रिगर सांभाळताना कष्ट पडले, हे घरच्या घरी स्प्रिंग बदलणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र दुसराच आहे. बंदूक आपोआप उडत नाही, माणूस उडवतो. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा, म्हणजे ट्रिगर किती हलका आहे याला अर्थच उरत नाही. हे नियम सोन्यासारखे आहेत आणि मी त्यांतला एक शब्दही कमी करणार नाही. पण नियम थकलेल्या, थंडीने काकडलेल्या, उत्तेजित झालेल्या माणसाने पाळायचे असतात, आणि असा माणूस कधी ना कधी चुकतो. यंत्राची रचना अशी हवी की माणसाची एक चूक झाली तरी दुसरा कोणता तरी भाग तिला अडवेल. जड ट्रिगर हा त्या अडवणुकीतला एक भाग आहे. तो काढून टाकणारा माणूस सांगत असतो की माझ्या हातून कधीच चूक होणार नाही. आणि चूक झालीच तर तिची किंमत बहुतेक वेळा तो स्वतः मोजत नाही. .22 सारख्या लहान गोळीचाही पल्ला दीड मैलापर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या शेतात काम करणाऱ्याला, घरातल्या मुलाला, सोबत आलेल्या मित्राला कुणी विचारलेले नसते की ही स्प्रिंग बदलू का. मॅसॅच्युसेट्स राज्याने पिस्तुलांच्या विक्रीसाठी नियम केला आहे की सरासरी पाच वर्षांच्या मुलाला ते चालवता येऊ नये, आणि त्यासाठी सुचवलेल्या उपायांपैकी एक म्हणजे किमान दहा पौंडांचा ट्रिगर. ट्रिगरच्या वजनाचा संबंध मुलाच्या बोटाशी लावणारा हा नियम मला योग्य वाटतो. तो पिस्तुलांपुरता थांबतो, हे मात्र खटकते.

उलट बाजूचा एक पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वजन वाढवत नेले की सुरक्षा वाढतच जाते, हे खरे नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी कितीतरी वर्षे आपल्या पिस्तुलांत सुमारे बारा पौंडांचा ट्रिगर सक्तीचा केला होता. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका सशस्त्र हल्लेखोरावर गोळीबार करताना पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ पादचारी जखमी झाले, आणि त्या जड ट्रिगरवर टीका झाली. टीकेत तथ्य होते. एवढ्या जोराने ओढावा लागणारा चाप नेम बिघडवतो, आणि चुकलेली गोळी कुणाला तरी लागतेच. पण या उदाहरणातून स्प्रिंग बदलणाऱ्याला पाठबळ मिळत नाही. ट्रिगरचे वजन किती असावे हा प्रश्न चाचणीने, अनुभवाच्या नोंदींवरून, जबाबदार संस्थेने ठरवायचा आहे, एवढेच ते दाखवते. शिपायाने घरी पिस्तूल उघडून आपल्या पसंतीची स्प्रिंग घालावी असे कुणीही सुचवले नाही.

अडचण अशी की अमेरिकेत ही जबाबदार संस्थाच नाही. बंदूक उद्योगाची स्वतःची संघटना रायफल उंचीवरून रबराच्या पट्टीवर टाकून पाहण्यासारख्या चाचण्या सुचवते, पण त्या ऐच्छिक आहेत. कारखान्याने त्या केल्या तरी मालकाने नंतर बदललेल्या स्प्रिंगला त्या लागू नाहीत. 1972 मध्ये ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षेसाठी अमेरिकेने आयोग स्थापन केला, तेव्हा बंदुकांना त्याच्या अधिकारातून वगळले. टोस्टर, पाळणा, खेळणी यांत दोष निघाला तर तो आयोग ती परत मागवू शकतो. रायफल परत मागवण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून वॉकर ट्रिगरचा प्रश्न दशकानुदशके न्यायालयांत रखडला, आणि म्हणूनच तिथे हलक्या स्प्रिंगवर नजर ठेवणारे कुणी नाही.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनी ही चौकट आणखी तपशिलात मांडली. ईशापूर कारखान्याची .315 रायफल पिकांच्या रक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी बाळगणाऱ्यांकडे आजही आढळते. ली-एनफिल्डच्या घराण्यातली ही रायफल, तिचा ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि जडच. तो जड आहे म्हणून कुणाला त्याची स्प्रिंग बदलून घ्यावीशी वाटली, तर त्याने परवानाधारक दुरुस्तीदाराकडेच जावे, आणि त्यानेही नकार दिला तर तो मानावा.

अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे कायदेशीर रायफल घेतलेल्या मराठी माणसाला माझे सांगणे थोडके आहे. ट्रिगर नकोसा वाटत असेल तर रायफल बनवणाऱ्या कंपनीकडे जा, किंवा तुमच्या रायफलीसाठी घडवलेला आणि तपासलेला पूर्ण संच कसबी गनस्मिथकडून बसवून घ्या, आणि बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर त्याच्याकडूनच चाचणी करून घ्या. सुटी स्प्रिंग मागवू नका. आणि तुमच्या भागातल्या प्रतिनिधीला पत्र लिहायची सवय असेल, तर 1972 च्या कायद्यातली बंदुकांना दिलेली सूट काढून टाका, अशी मागणी त्या पत्रात घाला.